खर्च कुणाचा, वाचन कुणाचे?
(संशोधनपत्रिकांच्या प्रकाशनपद्धतींविषयी: प्रस्तावना)

हापूस कापल्यावर बाठ्याजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघाला की कोकणात म्हणतात, आंब्यात साका आहे. बाहेरून फळ निर्दोष दिसते. साल, रंग, वास यांतले काहीच आतली गोष्ट सांगत नाही. पेटीत असे चार-दोन आंबे निघाले की गिऱ्हाईक तुटते आणि बागायतदाराचे नाव खराब होते. हा दोष का उद्भवतो यावर अनेक वर्षे संशोधन चालू होते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली ‘करंट सायन्स’ या पत्रिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि साक्याचे मूळ थेट बाठ्यात दाखवले. फळ अजून तयार होत असतानाच आतल्या बीमध्ये रुजण्याच्या हालचाली सुरू होतात आणि त्याचा परिणाम भोवतालच्या गरावर होतो, अशी त्यांची मांडणी आहे. रत्नागिरीच्या बागायतदाराला याहून जवळचा विषय कोणता असणार?

हा निबंध पावस किंवा गणपतीपुळ्याचा कुणीही माणूस मोबाइलवर उघडून पूर्ण वाचू शकतो, कारण ‘करंट सायन्स’ वाचायला खुले आहे. पण याच आंब्यावरचे, याच दोषावरचे कितीतरी निबंध असे आहेत की शीर्षक आणि दहा ओळींचा सारांश दिसतो आणि पुढे दार बंद होते. आत जायचे तर एका निबंधाला तीस-चाळीस डॉलर मोजा, नाहीतर ज्या संस्थेने वर्गणी भरली आहे तिचे सभासद व्हा. संशोधन दोन्हीकडे सारख्याच कष्टाने झालेले असते. बहुतेक वेळा त्यामागे सरकारचाच, म्हणजे आपल्या सर्वांच्या कराचा पैसा असतो. तरी एक निबंध बागेपर्यंत पोचतो आणि दुसरा विद्यापीठाच्या फाटकाशी अडतो, कारण त्या दोन पत्रिका वेगवेगळ्या पैशावर चालतात.

या पुस्तकाचा सारा विषय एवढाच आहे. संशोधनपत्रिका कोणाच्या पैशावर चालते आणि त्यामुळे ती कोणाला वाचता येते, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला शिकणे. आपल्या महाविद्यालयांत पीएच.डी.ला नाव नोंदवलेला विद्यार्थी मार्गदर्शकाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘सर, पेपर कुठे टाकू?’ हा. उत्तर बहुधा एखाद्या यादीच्या, गुणांच्या किंवा इंपॅक्ट फॅक्टरच्या रूपात मिळते. पत्रिका कशी चालते, तिचा मालक कोण, निबंधाचा हक्क कोणाकडे जातो आणि छापून आल्यावर तो कोण वाचणार, हे त्याला कुणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. ते प्राध्यापकांसाठी आहे, ग्रंथपालांसाठी आहे, आणि कोणत्याही संस्थेत नोकरी नसताना स्वतःच्या हौसेने व निष्ठेने संशोधन करणाऱ्या माणसांसाठीही आहे. अशी माणसे कोकणात पुष्कळ आहेत.

विषयात शिरण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू, कारण आज चाललेल्या वादांतले जवळपास सर्व मुद्दे त्यात आधीच हजर आहेत. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. जगातल्या सर्वांत जुन्या विज्ञानपत्रिकांत त्याची गणना होते. ओल्डेनबर्ग रॉयल सोसायटीचे सचिव होते, तरी पत्रिका त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढली होती आणि तिच्यातून थोडेफार उत्पन्न मिळेल अशी त्यांची आशा होती. ती फारशी फळली नाही. पुढे १७५२ साली रॉयल सोसायटीने पत्रिकेची आर्थिक जबाबदारी स्वतःकडे घेतली. म्हणजे खासगी उपक्रम म्हणून जन्मलेली पत्रिका विद्वानांच्या संस्थेने सांभाळली, आणि पुढची दोनशे वर्षे पत्रिका चालवण्याची हीच मुख्य रीत राहिली.

आपल्याकडेही तीच रीत आली आणि तिच्यात रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे सुरुवातीपासून होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, आज सिंधुदुर्गात असलेल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला ‘दर्पण’मुळे माहीत असतात. पण १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यांनी भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय मराठीत नेमाने आणले, आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात शिलालेख-ताम्रपटांवर संशोधनपर लेखनही केले. एकाच माणसाने एका हाताने विद्वानांसाठी आणि दुसऱ्या हाताने सामान्य मराठी वाचकासाठी लिहावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रत्नागिरीत शिकलेले आणि पुढे इथल्याच हायस्कूलचे मुख्याध्यापक झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे संशोधनही अशाच संस्थांच्या नियतकालिकांतून जगापुढे गेले.

१८७८ साली काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी पुण्यातून ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला. घराघरांच्या माळ्यांवर, देवघरांत, दप्तरांत पडलेल्या बखरी, पत्रे आणि जुन्या कविता मासिकातून क्रमाने छापायच्या, असा तो उद्योग होता. आज ज्याला आपण संशोधनाची मूळ सामग्री सर्वांसाठी उपलब्ध करून देणे म्हणतो, ते काम या मंडळींनी वर्गणीदारांच्या बळावर केले. पुढे ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाची इतिवृत्ते आणि नंतर त्रैमासिक हे मराठीतल्या इतिहास संशोधनाचे व्यासपीठ झाले. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले आणि लवकरच त्याचे ‘अ‍ॅनल्स’ निघू लागले. चिपळूणजवळ पेढे-परशुराम येथे जन्मलेल्या पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाच खंडांचा ग्रंथ याच संस्थेने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केला. कोणताही व्यापारी प्रकाशक बत्तीस वर्षे असा धीर धरता ना.

अशा एखाद्या जुन्या त्रैमासिकाचे मुखपृष्ठ उलटून आतले पान वाचावे, अशी माझी प्रत्येक नव्या संशोधकाला विनंती असते. त्या पानावर संपादकाचे नाव असते, संपादक मंडळ असते, वार्षिक वर्गणी असते, आजीव सभासदांसाठीचा वेगळा दर असतो, मुद्रणालयाचा पत्ता असतो, आणि पुष्कळदा एखाद्या शासकीय मंडळाच्या किंवा न्यासाच्या अनुदानाचा उल्लेख असतो. लेखातल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, हेही तिथेच छापलेले असते. पत्रिकेचे सारे अर्थकारण आणि तिची नैतिक भूमिका त्या एका पानावर येते. आजच्या कोणत्याही ई-जर्नलची परीक्षा करायची झाली तरी याच गोष्टी शोधायच्या असतात. फक्त त्या आता एका पानावर मिळत नाहीत, चार ठिकाणी हिंडून गोळा कराव्या लागतात.

पत्रिका चालवण्याची पहिली पद्धत अर्थात वर्गणीची. लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, वाचकाकडून किंवा त्याच्या ग्रंथालयाकडून घ्यायचे. वरवर पाहता यात काहीच गैर नाही. वृत्तपत्रे आणि मासिके तशीच चालतात. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ घ्या. १९४९ साली सचिन चौधरी यांनी सुरू केलेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’चा तो १९६६ पासूनचा अवतार. न्यासाच्या मालकीचे हे साप्ताहिक मुख्यतः वर्गणीदारांच्या आधाराने उभे राहिले आणि देशातल्या समाजशास्त्रीय चर्चेचे केंद्र झाले. तेव्हा वर्गणी म्हटली की नफेखोरी, असे समीकरण मांडू नये.

अडचण झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. विद्यापीठे वाढली, संशोधन वाढले, आणि विद्वत्संस्थांच्या हातून पत्रिका मोठ्या व्यापारी कंपन्यांकडे जाऊ लागल्या. संशोधनपत्रिकेला पर्याय नसतो, हे या कंपन्यांनी ओळखले. रसायनशास्त्राची एक पत्रिका महाग झाली म्हणून दुसरी स्वस्त पत्रिका घेऊन भागत नाही, कारण हवा असलेला निबंध पहिलीतच असतो. त्यातच लेखक फुकट लिहितो, तज्ज्ञ परीक्षक फुकट तपासतो, प्रताधिकार कंपनीच्या नावावर होतो आणि तोच निबंध त्याच लेखकाच्या ग्रंथालयाला विकला जातो. एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेची मालक असलेल्या कंपनीच्या या व्यवसायातला नफा वर्षानुवर्षे ३० टक्क्यांच्या वर राहिला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस शेकडो पत्रिकांचे गठ्ठे बांधून एकत्र विकण्याची पद्धत आली. हव्या त्या वीस पत्रिकांसाठी नको त्या दोनशे घ्याव्या लागू लागल्या, आणि लहान गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला मग एकही परवडेना.

या कोंडीवर भारत सरकारने काढलेला मोठा उपाय म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक संस्था आणि अंदाजे १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक, असा तिचा आवाका. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तिचे काम पाहते. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था तिच्या पहिल्या टप्प्यात येतात. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ ही जुनी सोय आहे, आणि ती सवलतीच्या दरात हजारो ई-पत्रिका देते. ज्या प्राध्यापकाने आजवर परदेशातल्या मित्राला ईमेल करून निबंध मागवले, त्याच्यासाठी हा बदल मोठा आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण या सोयीच्या बाहेर कोण उरते, तेही पाहिले पाहिजे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, महाराष्ट्रातल्या जुन्यांत जुने. सार्वजनिक वाचनालय असल्यामुळे ते या योजनेत बसत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सड्यांवर हिंडून, गावकऱ्यांना विचारून कातळशिल्पांचा शोध घेत राहिले. त्या परिश्रमांतून उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही नावे अभ्यासकांपुढे आली आणि कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. अशा कामाला विद्यापीठाचे ओळखपत्र लागत नाही, पण जगभरच्या शैलचित्रांवरचे निबंध वाचायला मात्र ते लागते. बागायतदार, मच्छीमार संस्था, गावातला डॉक्टर, निवृत्त शिक्षक, ही सगळी मंडळी फाटकाबाहेरच राहतात. वर्गणी एकत्र भरल्याने दार रुंद झाले, तरी ते दारच आहे.

दारच काढून टाकण्याचा विचार फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात स्पष्टपणे मांडला गेला. इंटरनेटमुळे निबंधाची आणखी एक प्रत वाचकापर्यंत पोचवायला जवळपास काहीच खर्च येत नाही, तर संशोधन सर्वांना विनामूल्य वाचू द्यावे, असे त्यात म्हटले होते. यालाच मुक्त प्रवेश म्हणतात. मात्र संपादन, परीक्षणाची व्यवस्था, मुद्रितशोधन, मांडणी आणि कायमचे जतन यांना पैसा लागतोच. तो कुठून आणायचा, या प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांतून आजच्या मुक्त पद्धती निघाल्या आहेत.

एक उत्तर असे की लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने प्रकाशन शुल्क भरावे. याला जगात सुवर्ण पद्धत म्हणतात. श्रीमंत देशांतल्या अनुदानित प्रयोगशाळांना ते झेपते. आपल्याकडे काय होते ते एका आकड्यावरून कळेल. ‘नेचर’ने २०२० साली निबंध खुला करण्याचे शुल्क ९,५०० युरो जाहीर केले, म्हणजे तेव्हाचे आठ लाख रुपयांहून अधिक. सगळ्याच पत्रिका इतक्या महाग नसतात आणि काही गरीब देशांतल्या लेखकांना सवलतही देतात. तरी तत्त्व तेच राहते. वाचकासमोरचे दार उघडले आणि ते लेखकासमोर बंद झाले. काही पत्रिका तर ग्रंथालयाकडून वर्गणी घेतात आणि त्याच अंकातला निबंध खुला करायचा तर लेखकाकडूनही शुल्क घेतात. या संमिश्र पद्धतीत एकाच मालाचे दोनदा पैसे वसूल होतात, हा आक्षेप मला पूर्ण रास्त वाटतो.

दुसरे उत्तर पैशाविना मिळते आणि म्हणूनच आपल्याकडे ते अधिक माहीत व्हायला हवे. निबंध कोणत्याही पत्रिकेत छापा, पण स्वीकारलेल्या मसुद्याची प्रत आपल्या संस्थेच्या किंवा विषयाच्या खुल्या भांडारात ठेवा. याला हरित पद्धत म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर हेच करीत आले आहेत. बहुतेक मोठे प्रकाशक अशी प्रत ठेवू देतात, फक्त काही जण सहा महिने, वर्षभर थांबायला सांगतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये यासाठी धोरणे जाहीर केली. कृषी विद्यापीठांसाठी ‘कृषिकोश’ आहे, प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातला किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला शास्त्रज्ञ आपला निबंध मोठ्या पत्रिकेतही छापू शकतो आणि तो मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला विनामूल्य वाचायलाही देऊ शकतो. त्यासाठी स्वीकृत मसुदा जपून ठेवायचा आणि तो भांडारात चढवायचा, एवढेच काम असते. ते न करणे हा निव्वळ आळस आहे, आणि त्याची किंमत वाचक मोजतो.

तिसरे उत्तर मला सर्वांत जवळचे वाटते. त्यात लेखकाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत. संस्था, विद्यापीठ, विद्वत्सभा किंवा सरकार पत्रिकेचा खर्च उचलते. याला हीरक पद्धत म्हणतात. २०२१ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीने जगात अशा १७,००० ते २९,००० पत्रिका असाव्यात असा अंदाज केला. ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या ‘सायेलो’ने तर लॅटिन अमेरिकेत सार्वजनिक पैशावर सारी व्यवस्थाच उभी केली.

याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातल्या अध्यापकांची संस्था १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवते. १९९७ साली डॉ. डी. के. साहू या बालरोगतज्ज्ञांनी मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि या पत्रिकेसह अनेक भारतीय वैद्यकीय पत्रिका इंटरनेटवर खुल्या केल्या. अंक फुकट मिळू लागला की छापील अंकाचे वर्गणीदार गळतील, अशी तेव्हा सगळ्यांना धास्ती होती. साहूंनी अनुभवाने दाखवले की तसे होत नाही. पत्रिका जगभर दिसू लागली, परदेशांतून निबंध येऊ लागले, आणि वर्गणीही टिकली. पुढे २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने मेडनो विकत घेतली. या घटनेतून घ्यायचा धडा असा की पत्रिका खुली असणे पुरेसे नसते, तिची मालकी संस्थेकडे राहणेही तितकेच महत्त्वाचे असते. दुसरे उदाहरण ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’चे. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी वैद्यकातल्या गैरप्रकारांविरुद्ध आवाज उठवण्यासाठी १९९३ मध्ये ते एका लहान पत्रकाच्या रूपात सुरू केले. आज ती जगात मान असलेली पत्रिका आहे, आणि वाचायला व लिहायला दोन्हीकडून विनामूल्य आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने आपल्या पत्रिकांचे काम परदेशी कंपनीशी करार करून केले, पण भारतीय वाचकासाठी स्वतःच्या संकेतस्थळावरची खुली प्रत सोडली नाही. करार करतानाही आपला हक्क कसा राखावा, हे तिथे शिकण्यासारखे आहे.

आता या क्षेत्रातल्या काळ्या बाजाराविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांशी जोडल्या आणि पेपरांना गुण ठरले. मागणी एकदम वाढली. प्रकाशन शुल्काची पद्धत तयारच होती. तिचा गैरफायदा घेऊन परीक्षण न करताच पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या पत्रिकांचे पीक आले आणि त्यात आपला देश आघाडीवर राहिला, हे लाजिरवाणे आहे. त्यांची ईमेल बहुतेकांनी पाहिलेली असते. ‘आदरणीय विद्वान’ असे संबोधन, कोणत्याही विषयावरचा निबंध चालेल असे आश्वासन, चोवीस तासांत स्वीकृती, आठवड्यात प्रमाणपत्र, आणि शेवटी यूपीआयचा क्रमांक. शुल्क मात्र दीड-दोन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे नोकरीच्या शोधात असलेल्या मुलालाही कसेबसे जमेल इतके. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या मोठ्या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला, यावरून या धंद्याचा आकार लक्षात यावा.

आयोगाने उपाय म्हणून मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली, तर त्या यादीतच बोगस पत्रिका शिरल्या. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नाहीत, असे २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्येच दाखवले. त्या वर्षी मे महिन्यात ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या गेल्या. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि संशोधकांवर आली आहे. यादीची सवय झालेल्या मनाला हे अवघड जाईल. मला मात्र हे योग्य वाटते, कारण पारख दुसऱ्यावर सोपवली की ती कधीच आपली होत नाही.

पारख करायची म्हणजे काय करायचे? संपादक मंडळातल्या दोन जणांना पत्र पाठवून विचारायचे की आपण खरोखर या पत्रिकेवर आहात का. मागचे तीन अंक काढून त्यातले दोन निबंध नीट वाचायचे. आयएसएसएन क्रमांक त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळायचा, कारण नामांकित पत्रिकेच्या नावाची हुबेहूब बनावट संकेतस्थळे असतात. शुल्क असेल तर ते निबंध पाठवण्यापूर्वी जाहीर केलेले आहे का, ते पाहायचे. खुली पत्रिका ‘डीओएजे’ या निर्देशिकेत आहे का, ते शोधायचे. आणि मुख्य म्हणजे परीक्षण होते का, हे पाहायचे. ज्या पत्रिकेने आपला निबंध एकही प्रश्न न विचारता स्वीकारला, तिने तो वाचलेलाच नाही.

मराठीचा प्रश्न या सर्वांत वेगळा उभा राहतो. ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘परामर्श’, मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’ यांनी मराठीत गंभीर विचार करण्याची परंपरा उभी केली. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकांचे काम अशा पत्रिकांतून आले. या पत्रिका स्वभावाने पहिल्यापासून हीरक पद्धतीच्या जवळच्या आहेत. लेखकाकडून त्यांनी पैसे मागितले नाहीत आणि वर्गणी खर्चापुरतीच ठेवली. उणीव आहे ती त्यांचे जुने अंक खुले, शोधता येण्याजोगे आणि कायम टिकतील असे करण्याची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जो पैसा आणि जे लक्ष मराठीकडे येईल, त्यातला मोठा वाटा या जुन्या अंकांकडे जावा, असे मला ठामपणे वाटते. सोहळे एका दिवसात संपतात. पत्रिकांचे खुले झालेले अंक पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधकांना पुरतील.

या पुस्तकाची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. पहिला निबंध लिहिणाऱ्याने प्रताधिकार आणि परवान्यांवरचे प्रकरण आधी वाचावे, कारण सहीची चूक नंतर दुरुस्त होत नाही. ग्रंथपालांनी भांडारांवरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. महाविद्यालयाची पत्रिका काढू पाहणाऱ्यांनी हीरक पद्धतीचे प्रकरण वाचून मग निर्णय घ्यावा. दरवर्षी निघणाऱ्या आणि कुणी न वाचणाऱ्या पंधरा पत्रिकांपेक्षा, चार महाविद्यालयांनी मिळून काढलेली एक चांगली पत्रिका कोकणाला अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

वाचकहो, या क्षेत्रात आपले मनापासून स्वागत आहे. ते किचकट दिसते, पण त्यातला प्रत्येक गुंता ‘खर्च कुणाचा आणि वाचन कुणाचे’ या प्रश्नाशी नेऊन भिडवला की सुटू लागतो. पुढचा निबंध पाठवण्यापूर्वी एवढेच करा. पत्रिकेच्या नावापुढे तिचा मालक, तिचे शुल्क आणि आपला कोणता हक्क आपल्याकडे राहतो, हे लिहून काढा. ज्या गावात, ज्या बंदरावर, ज्या रुग्णालयात आपण माहिती गोळा केली, तिथला माणूस तो निबंध वाचू शकेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ आले तर स्वीकृत मसुदा खुल्या भांडारात ठेवा आणि त्याचा दोन पानांचा मराठी सारांश त्या माणसाच्या हाती द्या. संशोधकाचे काम तिथे पूर्ण होते.